मधल्या चित्राचे मोल

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या इमारतीखाली पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाई आपल्या मुलाला घेऊन घरी आल्या. मुलगा कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला. बगलेत चित्रांच्या तीन वह्या. चहा येईपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. मग बाईंनीच विषय काढला. "काका, तुमची ताई जपानला कार्टूनच्या कंपनीत आहे ना? ह्यालाही तिथंच जायचंय. खर्च किती येतो आणि तो फिटतो कधी, तेवढं सांगा. तुम्ही बँकेतले, तुमचा हिशेब चुकायचा नाही."

मी वह्या चाळल्या. पावसात अंग झटकणारे कुत्रे, लोकलच्या दारात लटकलेली माणसे, आणि पानामागून पान आईचे पोळी लाटणारे हात. मुलाचा हात चांगला आहे, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होते.

बँकेत ३६ वर्षे मी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारत आलो. विहिरीचे कर्ज फिटेल का, म्हशीचे फिटेल का, रिक्षाचे, पिठाच्या गिरणीचे फिटेल का? म्हैस दूध किती देते, डेअरीचा भाव काय, पेंडीला किती जाते, हे मांडले की उत्तर निघते. या बाईंना मात्र मी "पुढच्या रविवारी या" एवढेच म्हणू शकलो. त्या आठवड्यात जे आठवले आणि कागदावर जे मांडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज जपानी कार्टून बघत वाढलेली आणि तीच चित्रे काढायची स्वप्ने पाहणारी मुले आहेत, म्हणून.

आमच्या घरात जपानी चित्रे शिरली ती १९९३ साली. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागे. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, त्यामुळे ती आपलीच असे आम्ही धरून चाललो होतो. ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली केलेली, हे फार उशिरा कळले. धाकटीचा जन्म १९९३चाच. पुढे तिच्या शाळेच्या वयात डोरेमॉन आणि शिनचॅन आले. इतर मुले ती बघून विसरत. ही टीव्हीसमोर बसून वहीत उतरवून घेई आणि विचारी, "बाबा, हा हात वर करतो तेव्हा मधली चित्रं कोण काढतं?"

त्या 'कोण'मध्येच पुढचे सारे होते. मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण झाले, पुण्याला मावशीकडे राहून जपानी भाषेच्या परीक्षा झाल्या. २०१६ साली ती टोकियोला दोन वर्षांच्या व्यवसाय-शिक्षणाला गेली. शिक्षणाचा खर्च मी धरूनच ठेवला होता. एप्रिल २०१८ मध्ये तिला टोकियोच्या सुगिनामी भागातल्या एका स्टुडिओत काम लागले. तिथले कामाचे वर्षही आपल्या बँकेसारखे १ एप्रिलला सुरू होते. मी ३१ मार्चच्या वार्षिक हिशेबातून मान वर काढली आणि पेढे वाटले.

काम काय, तर मधली चित्रे. हलणारे चित्र म्हणजे सेकंदाला २४ चौकटी. जपानी मालिकांत बहुधा एक चित्र तीन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. त्यांतली मोजकी, हालचालीच्या टोकांची चित्रे अनुभवी माणूस काढतो. त्यांना गेंगा म्हणतात. त्या टोकांच्या मधली चित्रे म्हणजे दोगा, आणि ती नवशिक्यांनी काढायची. चोवीस मिनिटांच्या एका भागाला सर्वसाधारणपणे तीन ते पाच हजार चित्रे लागतात. काचेखाली दिवा लावलेले टेबल, कागदाला वरच्या बाजूला तीन भोके, ती अडकवायला तीन खुंट्यांची पट्टी. पहिले आणि शेवटचे चित्र खाली, त्यांवर कोरा कागद, आणि दोघांच्या मधली रेघ डोळ्यांनी शोधून काढायची. रेघ कुठेही तुटता कामा नये, कारण पुढे संगणकावर रंग भरला जातो आणि केसाएवढी फट राहिली तरी तो बाहेर सांडतो.

मला वाटले होते, मधले चित्र म्हणजे सरासरी. दहा आणि वीस यांच्या मधले पंधरा. मुलीने पहिल्या महिन्यात तेच केले आणि गठ्ठाच्या गठ्ठा परत आला. मान डावीकडून उजवीकडे वळते तेव्हा हनुवटी सरळ रेषेत जात नाही. ती थोडी खाली उतरते आणि पुन्हा वर येते. सरासरी काढली तर माणूस वळत नाही, दारासारखा सरकतो. हे पुस्तकात लिहिलेले असते आणि ते तिने वाचलेही होते, पण हाताला कळायला चार महिने लागले.

परक्या माणसाला आणखी एक भिंत असते. कामाच्या पाकिटावर आणि टाइमशीटवर हाताने लिहिलेल्या सूचना असतात. छापील जपानी ती भराभर वाची. पण घाईत, रात्री दोन वाजता, वीस वर्षे तेच लिहून अक्षर झिजलेल्या माणसाने केलेली खूण कोणत्या वर्गात शिकवतात? एकदा 'इथे मधली चित्रे नकोत' अशा अर्थाची खूण तिला लागली नाही. तिने दोन दिवस खपून अकरा चित्रे काढली. कोणी रागावले नाही. अकरा कागद बाजूला ठेवले गेले, आणि महिनाअखेरीस ते मोजले गेले नाहीत.

कारण पगार नव्हता. दर होता. एका मंजूर चित्राला सुमारे २०० येन, तेव्हाचे सव्वाशे रुपये. एका रेघाटीच्या चित्राला सव्वाशे रुपये ऐकून मलाही बरे वाटले होते. पहिले सहा महिने स्टुडिओने किमान रकमेची हमी दिली होती. त्या करारावर व्हिसा मिळाला. हमी संपल्यावर ऑक्टोबरचा हिशेब तिने मला फोनवर वाचून दाखवला. मंजूर चित्रे ३१०. रक्कम ६२ हजार येन. खोलीचे भाडे ४५ हजार. उरलेल्या १७ हजारांत विमा, फोन, रेल्वे आणि जेवण.

मी विचारले, "दिवसाला फक्त बारा-तेरा चित्रं होतात?"

ती म्हणाली, "बाबा, एका चित्रात केस असतात. दुसऱ्यात गर्दी असते. तुम्ही एकदा केस काढून बघा."

नोव्हेंबर २०१८ पासून मी तिला दरमहा ३० हजार रुपये पाठवू लागलो. परकीय चलनाचे काम होणाऱ्या आमच्याच बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा अधिकारी एके काळी माझ्या हाताखाली शिकलेला. अर्जावर पैसे पाठवण्याचे कारण लिहावे लागते. मी 'कुटुंबाच्या निर्वाहासाठी' लिहिले.

तो म्हणाला, "सर, ताई शिकायला आहेत ना तिकडं? मग शिक्षणाचा रकाना भरू."

"नाही रे. शिक्षण झालं. नोकरी करते."

तो थांबला. त्याच्या काउंटरवर रोज उलटा पैसा येतो. आखातातून, अमेरिकेतून मुले घरी पाठवतात. नोकरी करणाऱ्या मुलीचा निर्वाह डोंबिवलीहून होतो, हे त्याच्या रकान्यात बसेना. माझ्याही बसेना. त्याने शिक्का मारला आणि विषय बदलला.

सेवानिवृत्त झाल्यावर, २०१९च्या नोव्हेंबरात, मी आणि सौ. तिच्याकडे गेलो. दिवाळी नुकतीच झालेली, म्हणून चकल्या आणि करंज्या नेल्या. स्टुडिओ म्हणजे काचेचा मनोरा असेल ही माझी कल्पना. प्रत्यक्षात एका गल्लीतली दुमजली इमारत, खाली सायकलींची रांग, आत जाताना बूट काढून सपाता घालायच्या. सुगिनामी आणि शेजारचा नेरिमा या भागांत असे स्टुडिओ दाटीने आहेत. आम्हाला दहा मिनिटांसाठी आत येऊ दिले. कोणी मान वर केली, वाकून नमस्कार केला, पुन्हा मान खाली. खोलीत फक्त पेन्सिलीचा आणि कागद उलटण्याचा आवाज. बँकेत सहामाही व्याज लावायच्या रात्री आमच्या शाखेत असाच आवाज असे. मला एकदम घरच्यासारखे वाटले.

मधली चित्रे तपासणाऱ्या बाई साठीच्या होत्या. मुलगी त्यांच्याविषयी फोनवर जे बोले त्यात भीती आणि भक्ती सारखीच असे. त्यांनी चकली हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि मुलीला जपानीत काही म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी अर्थ विचारला. "म्हणाल्या, आईंची रेघ बघ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आहे, आणि कुठे तुटलेली नाही." सौ. त्या दिवशी टोकियोभर मिरवत होती.

संध्याकाळी मी हॉटेलच्या कागदावर आकडे मांडले. सवय. मुलगी महिन्याचे २५ दिवस, रोज ११ तास बसे. म्हणजे २७५ तास. ६२ हजार येन भागिले २७५, ताशी सव्वादोनशे येन. स्टुडिओच्या समोर चोवीस तास उघडे असणारे दुकान होते. टोकियोचे किमान वेतन त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ताशी १,०१३ येन झाले होते. भाताचे गोळे फळीवर मांडणाऱ्या मुलाला चित्रे काढणाऱ्या मुलीच्या चौपटीहून अधिक मिळत होते. हे बेकायदा कसे नाही? कारण कागदोपत्री ती नोकर नव्हतीच. ती स्वतंत्र व्यावसायिक होती, आणि किमान वेतन नोकराला असते.

तिचे जपानी सोबती काय करत? काहीजण आईवडिलांच्या घरी राहत. काहीजण रात्री त्या समोरच्याच दुकानात काम करत. मुलीला दोन्ही वाटा बंद. घर साडेसहा हजार किलोमीटरवर, आणि तिचा व्हिसा ज्या कामासाठी दिला होता ते सोडून दुकानात उभे राहण्याची परवानगी नाही. वर व्हिसाच्या नूतनीकरणाला उत्पन्नाचा दाखला लागतो. चांगले चित्र काढायचे तर हळू काढावे लागते, हळू काढले तर उत्पन्न घटते, उत्पन्न घटले तर देशात राहता येत नाही. या कात्रीत तिने पहिले नूतनीकरण काढले. त्या आठवड्यात ती जेवत नव्हती, हे आम्हाला वर्षाने कळले.

आता बँकेतला माझा उमेदवारीचा काळ सांगतो. १९८३ साली मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत रुजू झालो. आमचे हेडकॅशियर मला रोज नाणी मोजायला बसवत. पदवीधर असल्याची घमेंड तीन आठवड्यांत उतरली. एकदा मी एका शेतकऱ्याची रक्कम त्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात जमा केली. ते निस्तरायला दोन माणसांचे दोन दिवस गेले. मला सगळ्यांसमोर बोलणी बसली, आणि १ तारखेला पगार पूर्ण मिळाला. कष्ट, अपमान, कंटाळा, यांविषयी माझी तक्रार नाही. शिकणे असेच असते, आणि त्या तपासनीस बाईंचे उपकार मी विसरणार नाही. फरक एवढाच की माझ्या चुकांचे पैसे बँकेने भरले. मुलीच्या चुकांचे पैसे मी भरत होतो.

हे एकट्या तिच्या स्टुडिओचे पाप नाही, म्हणून त्याचे नाव घेत नाही. याचा इतिहास जुना आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे कार्टून काढणे त्या काळी अशक्य मानत. तेझुकांनी चित्रांची संख्या घटवून ते करून दाखवले आणि मालिका खर्चापेक्षा कमी किमतीला दिली. तूट खेळणी आणि इतर हक्कांतून भरून निघेल हा हिशेब. पुढच्यांना मात्र ती किंमत मापाची झाली. त्यांची मुशी प्रॉडक्शन कंपनी १९७३ साली दिवाळखोरीत गेली. दोष एकट्या तेझुकांवर टाकणे अन्यायाचे होईल, पण स्वस्त चित्राची सवय लागली ती लागली.

नव्वदच्या दशकापासून दुसरी पद्धत रुळली. प्रकाशक, वाहिनी, खेळण्यांची कंपनी, संगीत कंपनी एकत्र येऊन पैसे घालतात. आमच्याकडे मोठ्या कर्जासाठी अनेक बँका एकत्र येतात, तसेच. धोका वाटला जातो, नफाही वाटला जातो. ज्याने पैसे घातले नाहीत त्याला वाटा नाही, आणि पुष्कळ स्टुडिओंकडे घालायला पैसे नसतात. त्यांना ठरलेली रक्कम मिळते. मालिका जगभर गाजली तरी ती तेवढीच. २०२३ साली जपानी ॲनिमेशनची एकूण बाजारपेठ सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येनची झाली, आणि तीत निम्म्याहून अधिक वाटा परदेशांचा. आपल्या नातवंडांचाही त्यात हातभार आहे. हा पैसा वरून खाली येताना मधल्या चित्रापर्यंत पोचेपर्यंत आटतो. तिथल्या ॲनिमेटरांच्या संघटनेने केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधली चित्रे काढणाऱ्यांचे सरासरी वार्षिक उत्पन्न ११ लाख येनच्या आसपास भरले होते. म्हणजे महिन्याला लाख येनही नाही. मुलीचा हिशेब अपवाद नव्हता.

मग हा धंदा चालतो कसा? दोन आधारांवर. एक, मधली चित्रे मोठ्या प्रमाणावर दक्षिण कोरिया, चीन, फिलिपिन्स अशा देशांत काढून घेतली जातात. त्याने खर्च वाचतो, पण शिडीची पहिली पायरी घराबाहेर जाते. उद्याचे गेंगा काढणारे मग येणार कुठून? दुसरा आधार म्हणजे आईबाप. जी मुले टिकतात त्यांच्यामागे कुठेतरी एक घर उभे असते. मी २९ महिने पैसे पाठवले, ८ लाख ७० हजार रुपये. कोणत्याही मालिकेच्या शेवटी सरकणाऱ्या नावांत माझे नाव नाही, पण पैसे घालणाऱ्यांत मी होतो. बिनव्याजी, विनातारण, आणि नफ्यात वाटा नसलेला.

मुलीसाठी मी ते पुन्हा करीन. माझी तक्रार वेगळी आहे. तिच्याबरोबर एप्रिल २०१८ मध्ये सहाजण लागले होते. त्यांत सर्वांत चांगला हात उत्तरेकडच्या एका लहान गावातून आलेल्या मुलीचा, असे आमची मुलगी आजही म्हणते. ती आठ महिन्यांत परत गेली. घरून पैसे येण्यासारखी स्थिती नव्हती. आज त्या सहांतले दोघे चित्रे काढतात. एक आमची मुलगी, दुसरा ज्याचे आईवडील टोकियोतच राहतात तो. निवड हाताची झाली नाही, बापांच्या बचतखात्यांची झाली. ज्या कलेला आपण गुणांची कला म्हणतो, तिच्या दारावर हा असा चाळणीवाला बसलेला आहे.

शिकताना उपाशी राहिलेच पाहिजे, त्याशिवाय कलावंत घडत नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथेही आणि इथेही. त्यांना दोन नावे सांगावीशी वाटतात. हायाओ मियाझाकी १९६३ साली तोएईच्या स्टुडिओत लागले ते मधली चित्रे काढायलाच, आणि पगारावर. पुढच्याच वर्षी ते कामगार संघटनेचे सरचिटणीस झाले. १९६५च्या गलिव्हरवरच्या चित्रपटाच्या शेवटासाठी या नवशिक्याने सुचवलेली कल्पना वरिष्ठांनी स्वीकारली. पोट भरलेला उमेदवार असा तोंड उघडू शकतो. दुसरे आपले राम मोहन. १९५६ साली ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. डिस्नेकडे 'बांबी'वर काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते शिकले, सरकारी पगारावर. पुढे युगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर त्यांनी 'रामायण' हा भारत-जपान चित्रपट दिग्दर्शित केला. तो १९९३च्या आरंभी आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे पुन्हा लागला तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो. चित्रपटगृहात शंभर माणसे अगदी शांत बसली होती. ती चित्रे उपासमारीतून आलेली नव्हेत.

आजच्या काळात हे परवडत नाही, असेही म्हणता येणार नाही. क्योटो ॲनिमेशन ही संस्था १९८१ साली एका गृहिणीने शेजारणींना घेऊन रंगकामापासून सुरू केली. कर्मचाऱ्यांना ठरावीक पगार आणि घरातच शिक्षण, यासाठी ती ओळखली जाते, आणि तिच्या चित्रांची सफाई जगात नावाजली जाते. १८ जुलै २०१९ रोजी तिच्या इमारतीला एका माणसाने आग लावली. ३६ जण गेले. बातमी पाहून आम्ही फोन लावला. मुलगी क्योटोपासून कितीतरी दूर, सुखरूप होती. ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला तिथं जायचं होतं." कितीतरी नवशिक्यांना तिथे जायचे होते. सन्मानाने शिकता येईल अशी जागा म्हणून.

मग परक्यांनी तिथे जाऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. कोरियाच्या युनयंग चोई यांनी मासाआकी युआसा यांच्यासह २०१३ साली सायन्स सारू हा स्टुडिओ काढला आणि पुढे त्याची धुरा सांभाळली. त्याच स्टुडिओत स्पेनचा आबेल गोंगोरा दिग्दर्शक झाला. हेन्री थर्लो हा अमेरिकन न्यूयॉर्कचे बरे चाललेले काम सोडून टोकियोला गेला. २०१५ साली त्याने उघडपणे सांगितले की राहणीमानाच्या दृष्टीने आपले हाल आहेत, पण चित्रकार म्हणून समाधान पूर्ण आहे. मुलगी मला हेच सांगे, आणि मला ते तेव्हा बहाणा वाटे. आता वाटत नाही. तिची रेघ बदलली आहे. रस्त्यावरून चालणाऱ्या म्हाताऱ्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे तिला दिसते. हे तिला त्या खोलीतच मिळाले.

२०२०च्या शेवटी तिला मुख्य चित्रांच्या दुसऱ्या टप्प्याचे काम मिळू लागले. मार्च २०२१ मध्ये मी शेवटची रक्कम पाठवली. २०२२ साली तिने स्टुडिओ बदलला. आता महिन्याचा ठरलेला पगार आहे, मोठा नाही, पण १ तारखेला काय येणार हे माहीत असते. नियमही थोडे बदलले आहेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून जपानात स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी नवा कायदा लागू झाला. कामाच्या अटी लेखी द्याव्या लागतात, आणि काम हाती आल्यापासून ६० दिवसांच्या आत पैसे. कायद्याने दर वाढत नाही. पण लेखी अट हाती असली की प्रश्न विचारता येतो.

पुढचा रविवार आला. बाई आणि मुलगा आले. मी मांडलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि मुलाला सांगितले: जा. पण आधी हाताने लिहिलेले जपानी वाचायला शीक. आणि स्टुडिओकडून तीन गोष्टी लेखी घे. किमान रक्कम किती आणि किती महिने? चुकलेल्या कागदाचे पैसे कोणाचे? आणि व्हिसाला लागणारे उत्पन्न त्या रकमेत बसते का? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर तो स्टुडिओ सोडून दुसरा बघ, मग त्याचे नाव कितीही मोठे असो.

आणि बाईंना म्हणालो, "फिटेल, पण वेळ लागेल. आम्ही अडीच वर्षं दरमहा तीस हजार पाठवले. तेवढं तुमच्याकडून होईल का?"

त्यांनी कागद हातात घेतला. आकडे त्यांना चांगले वाचता येतात. तो ताशी सव्वादोनशे येनचा आकडा मी त्यांना समजावून सांगितला. त्या बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

"काका, माझ्याकडं नवी पोरगी लाटायला येते. पहिले पंधरा दिवस तिची एक पोळी गोल नसते. गिऱ्हाइकाला देता येत नाहीत. त्या आम्ही घरी खातो. पण रोज तर पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो. नाही दिला तर ती शिकेपर्यंत खाणार काय?"

मी काही बोललो नाही. मुलाने वही उघडली आणि शेवटच्या पानावर माझे तीन प्रश्न उतरवून घेतले.